भारतीय फुटबॉलमधील सहायक प्रशिक्षकांची पदोन्नती

भारतीय व्यावसायिक फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकास मुख्य प्रशिक्षकपद बहुधा परदेशी प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर पायउतार झाल्यानंतर, हंगामी स्वरूपात मिळते. मुंबई व गोव्यातील प्रशिक्षकांच्या वाटचालीतून या पद्धतीच्या मर्यादा दिसून येतात.

पार्श्वभूमी

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील संघांची सूत्रे प्रामुख्याने परदेशी प्रशिक्षकांकडे राहिली. अमेरिकेतील महाविद्यालयीन 'अमेरिकन फुटबॉल' या भिन्न खेळात आक्रमण वा बचाव समन्वयकाचे पद ही मुख्य प्रशिक्षकपदाची रूढ पायरी समजली जाते. अलाबामा विद्यापीठाचे बचाव समन्वयक कर्बी स्मार्ट याच मार्गाने जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने २०२१ व २०२२ या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

प्रमुख उदाहरणे

क्लिफर्ड मिरांडा: जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना दूर केल्यावर संघाची धुरा मिरांडा यांच्याकडे आली. संघ साखळीत अव्वल ठरला व आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीसाठी पात्र ठरणारा पहिला भारतीय क्लब बनला. एप्रिल २०२३ मध्ये मिरांडा यांच्याच हंगामी मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने बंगळुरू एफसीला २–१ असे हरवून सुपर कप जिंकला. तथापि, पुढील हंगामासाठी त्या क्लबने लोबेरा यांची नियुक्ती केली.

खालिद जमील: २०१६–१७ मध्ये ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून देणारे जमील पुढे नॉर्थईस्ट युनायटेडचे सहायक प्रशिक्षक होते. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस गेल्यानंतर त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक झाले. इंडियन सुपर लीगमध्ये हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतरच्या हंगामात मात्र संघ दहाव्या स्थानी राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली. सावियो मदेरा यांच्या २०११–१२ मधील कार्यकाळानंतर या पदावर आलेले ते पहिले भारतीय ठरले.

विश्लेषण

हंगामी प्रशिक्षकास खेळाडूंची निवड वा हंगामपूर्व तयारी यांची संधी मिळत नाही. दुसऱ्याने बांधलेला संघ त्याला चालवावा लागतो. म्हणून अल्पकालीन यशावरून वा अपयशावरून त्याची क्षमता ठरविणे कठीण असते. मिरांडा यांच्या उदाहरणावरून विजेतेपदही पदाची हमी देत नाही, हे स्पष्ट होते. जमील यांच्या कारकिर्दीत भारताने २०२५ च्या मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये तिसरे स्थान मिळविले, परंतु ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १–२ असा पराभव झाल्याने २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली. एका व्यक्तीच्या निकालांवरून सर्व भारतीय प्रशिक्षकांचे मूल्यमापन होण्याचा धोका अशा वेळी संभवतो. पूर्ण हंगामाची संधी अनेकांना मिळाली, तरच तुलना न्याय्य ठरू शकेल.