कर्ता कोठे गेला?

'टु बी'चे रूप घ्यावे, त्यास भूतकालवाचक धातुसाधित जोडावे, कर्म पुढे आणावे. कर्ता 'बाय' लावून मागे ठेवावा अथवा गाळावा, असा इंग्रजी कर्मणीचा पाठ आम्ही शाळेत घोकला. त्यातील 'गाळावा' एवढेच आम्हां अधिकाऱ्यांच्या ध्यानात राहिले. 'इट हॅज बीन डिसायडेड' असे लिहून आम्ही मोकळे होतो. ठरविले कोणी, हे निवृत्तिवेतन नाकारलेल्या विधवेने कोणास विचारावे?

मराठीचा कर्मणी असा पळपुटा नाही. 'साहेबांनी विनंती फेटाळली' यात क्रियापद विनंतीच्या लिंगाने चालते खरे, पण साहेब 'नी' लावून समोर उभेच असतात! ऑर्वेलने 1946 च्या निबंधात कर्तरी शक्य असता कर्मणी वापरू नये असे बजाविले (त्या निबंधात त्याचे स्वतःचे कर्मणी थोडे नाहीत, ही गंमत अलाहिदा). चोर ठाऊक नसता 'घर फोडले गेले' म्हणणे रास्तच. आमच्या कागदावर तर आमचीच सही असते.

गेल्या वर्षी असाच एक अर्ज फेटाळताना आम्ही 'आय हॅव रिजेक्टेड' लिहू गेलो, तो लेखणी अडखळली. कागद पुन्हा वाचले, आणि अर्ज मंजूर केला.