प्रवासातले पिस्तूल

दिवाळीच्या फराळाला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. अमेरिकेतल्या मुलाकडे चार महिने राहून दोघे नवरा-बायको नुकतेच परतले होते. नायगारा झाला, नातवाचे कौतुक झाले, तिथल्या रुंद रस्त्यांचे वर्णन झाले. मग चकलीची ताटली पुढे करता करता वहिनी एकदम म्हणाल्या, "सगळं छान हो, पण त्याच्या गाडीतल्या खणात पिस्तूल असतं. रात्री-अपरात्री लांबचा प्रवास करावा लागतो म्हणून घेतलंय म्हणे. आम्ही मागे बसलेले, मांडीवर नातू, आणि पुढे ते! मला चोराची नाही, त्या खणाचीच भीती वाटत होती."

आपण हसलो तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली आज त्या देशात आहेत आणि तिथे शस्त्र जवळ बाळगणे हा बहुसंख्य राज्यांत कायदेशीर हक्क आहे. 1987 साली फ्लोरिडाने पात्र अर्जदाराला परवाना नाकारता येणार नाही असा कायदा केला आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. 2024 पर्यंत 29 राज्यांत तर कपड्याआड पिस्तूल बाळगायला परवान्याचीही गरज उरली नव्हती. जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, घराबाहेरही स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे, असा निर्वाळा दिला.

मुलाची बाजूही समजून घ्यायला हवी. शंभर-शंभर मैल वस्ती नाही, मध्यरात्री एखाद्या ओसाड पेट्रोल पंपावर थांबायचे, पोलीस यायला अर्धा तास लागणार. अशा ठिकाणी एकट्या बाईला हाताशी काही असावेसे वाटले, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार दिवाणखान्यात बसलेल्या आपल्याला नाही. भीती खरी आहे. प्रश्न एवढाच, की पिस्तूल त्या भीतीवरचा उतारा आहे का?

2013 सालची एक घटना पाहा. फिलाडेल्फियात राहणारी, दोन लहान मुलांची एक तरुण आई. वर्षभरात तिला दोनदा लुटले गेले होते. तिने रीतसर पिस्तूल घेतले, पेनसिल्व्हानियाचा परवाना काढला. ऑक्टोबरमधल्या एका रात्री ती नदी ओलांडून शेजारच्या न्यू जर्सीत गेली. लेन बदलताना चूक झाली म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली. तिने प्रामाणिकपणे आपणहून सांगितले, की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. पण न्यू जर्सी इतर कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली. महिन्याहून अधिक काळ ती तुरुंगात होती आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर होती. खूप गवगवा झाल्यावर खटल्यातून मार्ग निघाला आणि 2015 मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. नदीच्या एका काठावर जी कायदा पाळणारी नागरिक, तीच दुसऱ्या काठावर गुन्हेगार!

प्रवाशाला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा 1986 पासून आहे. पण त्याच्या अटी वाचल्या म्हणजे गंमत कळते. जिथून निघालात आणि जिथे जाणार, तिथे दोन्हीकडे शस्त्र बाळगणे कायदेशीर हवे. पिस्तुलात गोळ्या नकोत. पिस्तूल आणि गोळ्या प्रवाशाच्या हाताशी नकोत, म्हणजे मागच्या डिकीत हव्यात. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि गाडीतला पुढचा खण ही काही पेटी नव्हे. थोडक्यात, अनेक राज्ये ओलांडून निर्धास्त जायचे असेल तर पिस्तूल अशा जागी ठेवा, की प्रसंग आला तर ते उपयोगी पडू नये. एका राज्याचा परवाना सगळीकडे चालावा असे विधेयक डिसेंबर 2017 मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले.

विमानाची तऱ्हाही अशीच. रिकामे पिस्तूल, टणक कुलूपबंद पेटीत, आधी सांगून, फक्त सामानाच्या कक्षात पाठवता येते. तरीही 2023 या एका वर्षात तिथल्या विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात 6,737 शस्त्रे सापडली आणि त्यांतली 93 टक्के भरलेली होती. बहुतेकांचे उत्तर एकच, "विसरलो." घराची किल्ली विसरावी तसे भरलेले पिस्तूल विसरणारी माणसे ही काही गुंड नव्हेत. ती आपल्यासारखीच घाईत असलेली, मुलांचे कपडे भरणारी माणसे आहेत. सवयीचे झालेले शस्त्र विसरले जाते, आणि विसरलेले शस्त्र लहान मुलाच्या हाती लागायला किती वेळ लागतो?

त्याहून कठीण गोष्ट 6 जुलै 2016 ची. मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे परवाना होता आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचे त्याने स्वतः सांगितले. काही सेकंदांत पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. शस्त्र जवळ असले म्हणजे समोरच्याच्या मनातली भीतीही वाढते, आणि त्या भीतीचा नेम कुणाचा रंग, कुणाचा चेहरा पाहून ठरतो. आपल्या सावळ्या मुलांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांना ठाऊक असावी. तिथे नोकरीच्या किंवा पर्यटकाच्या व्हिसावर असलेल्यांना काही मोजके अपवाद सोडले तर शस्त्र बाळगण्याचीच मनाई आहे. मुलगा ग्रीनकार्डधारक असेल तर गोष्ट वेगळी. पण "बघू तरी कसं असतं" म्हणून पाहुण्या वडिलांनी ते हातात घेणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्याकडे काय? 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. परकीय सत्तेने निःशस्त्र केलेल्या देशाची ती सल होती. पण स्वतंत्र भारताच्या घटनेत तो हक्क आला नाही. उलट एकत्र जमण्याचा जो हक्क मिळाला, तोही शांततेने आणि विनाशस्त्र. 1959 च्या कायद्याने परवाना ही सवलत ठरली. म्हणून आपले प्रवास सुरक्षित झाले, असा टेंभा मात्र मिरवू नये. रात्रीच्या गाडीने एकटी निघालेली मुलगी घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

मग उपाय कोणता? अहिल्याबाई होळकरांच्या राज्यात डोंगरवाटांवर भिल्ल प्रवाशांना लुटत. बाईंनी प्रवाशांना शस्त्रे वाटली नाहीत. भिल्लांचा वाटेवरचा जुना हक्क, 'भिलकवडी', त्यांनी मान्य केला आणि त्या बदल्यात आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल परत मिळवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वाट सुरक्षित झाली ती वाटेची जबाबदारी कुणीतरी घेतल्यामुळे. आजच्या भाषेत सांगायचे तर उजेड असलेले थांबे, हाक मारली की येणारे पोलीस, फोन उचलणारी हेल्पलाइन आणि शेजारच्या सीटवरचा जागा माणूस. हे सारे सरकारने आणि समाजाने करायचे. ते झाले नाही म्हणजे जो तो आपापला पोलीस होऊ पाहतो.

निघताना वहिनींनी विचारले, "मग त्याला काय सांगू?" मी म्हटले, रागावू नका. त्याची भीती आधी ऐकून घ्या. मग एवढेच सांगा, की प्रवासाला निघताना ते घरीच कुलपात ठेव, गोळ्या वेगळ्या ठेव, आणि रात्रीचा प्रवास सकाळवर ढकलता येत असेल तर ढकल. वहिनी म्हणाल्या, "आणि पोचलास की फोन कर."