शुक्राणू जेव्हा टपालवाला होतो

बंगळूरच्या मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतून २००४ मध्ये हिरव्या चमकणाऱ्या उंदरांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले. जेलीफिशचे एक जनुक त्यांच्यात घातलेले होते. असे जनुक सहसा अतिसूक्ष्म सुईने फलित अंड्यात टोचतात. काम किचकट आणि खर्चीक. गाईम्हशींत तर यश फारच थोडे.

मग शुक्राणूलाच टपालवाला केले तर? १९८९ मध्ये इटलीतील मारियालुइझा लाव्हित्रानो यांनी शुक्राणू डीएनएच्या द्रावणात ठेवून उंदरांत हे साधल्याचे जाहीर केले. इतर प्रयोगशाळांना मात्र ते जमेना. वीर्यातील द्रवच बाहेरच्या डीएनएला अडवतो.

म्हणून आता नॅनोकणांचे पाकीट! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सिलिकाचे असे कण डुकराच्या शुक्राणूंना जोडले. तरीही त्यांची हालचाल मंदावली नाही.

पण पाकीट पोचले म्हणजे जनुक योग्य जागी रुजलेच असे नाही. शिवाय इथली चूक एका जनावरापाशी थांबत नाही, ती पुढच्या वासरांतही उतरू शकते. गोठ्यात येण्यापूर्वी या टपालाची खात्री पटायला हवी ती याचसाठी.