अडीच तासांचे शहर

दोन विमानांमधल्या मोकळ्या वेळात एखादे परके शहर पाहून येणे हा आमच्या मित्रमंडळींत काहीसा थट्टेचा विषय आहे. माझे एक शल्यचिकित्सक मित्र त्याला 'धावत्या गाडीतून कळसाला केलेला नमस्कार' असे म्हणतात. परवापरवापर्यंत माझेही मत फारसे निराळे नव्हते. अडीच तासांत शहर कळते काय, आणि कळत नसेल तर थकल्या शरीराने ती धावपळ करावी कशासाठी, असे मला वाटे. गेल्या डिसेंबरात सिंगापूर येथे हा अनुभव स्वतः घेतल्यापासून ते मत बदलले. ते का बदलले, आणि त्याचा आपल्या व्यवसायाशी काय संबंध पोहोचतो, हे सांगण्यासाठीच स्मरणिकेची ही दोन पाने संपादकांकडून मागून घेतली आहेत.

आमची मुलगी मेलबर्नला असते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी आम्ही उभयता इंदूरहून मुंबईमार्गे निघालो. सकाळी सिंगापूरला उतरलो तेव्हा पुढच्या विमानास तेरा तास अवकाश होता. मी चांगी विमानतळावर एक निवांत कोपरा पाहून पुस्तक उघडण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तेरा तास या खुर्चीत बसून काढायचे का? तुम्हीच रुग्णांना सांगता ना, प्रवासात पाय हलवत राहा म्हणून!" आपलेच औषध आपल्याला पाजले गेल्यावर नकार देता येत नाही.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनही होते. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ धोका अल्प आहे, सुमारे सहा हजारांत एक. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु साडेपाच तासांचे एक उड्डाण, मग तेरा तास खुर्ची आणि पुन्हा साडेसात तासांचे दुसरे उड्डाण, हा क्रम आपल्या वयाच्या मंडळींनी तरी टाळलेलाच बरा.

चांगीवर उतरून पुढे जाणाऱ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शकासह विनामूल्य नगरदर्शनाची सोय आहे. दोन विमानांमधले अंतर किमान साडेपाच तासांचे आणि चोवीस तासांहून कमी असावे लागते. फेरी साधारण अडीच तासांची असते. इस्तंबूल आणि सेऊलजवळील इंचॉन येथेही अशाच सोयी आहेत. मात्र विमानतळाबाहेर पडायचे म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, हे पुष्कळजण विसरतात. भारतीय पारपत्रधारकास सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा वैध व्हिसा आणि पुढचे निश्चित तिकीट असल्यास, काही अटींवर, ९६ तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू शकतो. शेवटचा निर्णय तेथील अधिकाऱ्याचा असतो. आगमनाचे पत्रक आधीच्या तीन दिवसांत संगणकावरून भरून ठेवावे लागते. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी ते स्वतः तपासून घ्यावेत. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. हे शहर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. डिसेंबरातही घाम आणि पाऊस या दोहोंची तयारी हवी. बरोबर लहान मूल असेल तर ते आधी झोपलेले, खाल्लेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर शहराचा मोह सरळ सोडून द्यावा.

आमच्या बसमध्ये निरनिराळ्या देशांचे वीस-पंचवीस प्रवासी होते. मार्गदर्शक म्हणून चिनी वंशाच्या, साठीच्या उंबरठ्यावरच्या एक बाई होत्या. बस सुटताच त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ अडीच तास आहेत. त्यात मी तुम्हाला मोजक्याच गोष्टी दाखवीन. पुष्कळ गोष्टी राहतील. घरी गेल्यावर सिंगापूर पाहिले असे सांगू नका. सिंगापूरची ओळख झाली एवढेच सांगा." हे प्रास्ताविक मला त्याच क्षणी आवडले.

पहिला मुक्काम सिंहमत्स्याच्या पुतळ्यापाशी होता. सिंहाचे तोंड आणि माशाचे शरीर असलेला, ८.६ मीटर उंचीचा, तोंडातून पाण्याची धार सोडणारा हा 'मर्लायन' आपण चित्रांतून पाहिलेला असतो. पुराणातला एखादा देव असावा, असा माझा समज होता. बाईंनी तो तत्काळ दूर केला. ही आकृती १९६४ साली पर्यटन मंडळाचे बोधचिन्ह म्हणून कल्पिली गेली, १९७२ साली पुतळा उभा राहिला, आणि पुढे एका नव्या पुलामुळे तो झाकला गेला म्हणून २००२ साली आजच्या जागी हलविण्यात आला, असे त्यांनी सांगितले. आपल्या शहराच्या सर्वांत लोकप्रिय चिन्हाची जन्मकथा अशी सरळ सांगणारा मार्गदर्शक विरळा. समोरच्या नदीविषयीही त्यांनी हातचे राखले नाही. एकेकाळी मैला, कचरा आणि वराहपालनाची घाण वाहून नेणारी ही नदी १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत स्वच्छ करण्यात आली. त्यासाठी काठावरची हजारो कुटुंबे आणि विक्रेते यांना तेथून उठविण्यात आले, हेही त्या म्हणाल्या. कान्ह नदीच्या काठी लहानाचा मोठा झालेला माझ्यासारखा इंदूरकर त्या पाण्याकडे जरा अधिक वेळ पाहत राहिला, यात नवल नाही.

मग बस 'लिटल इंडिया' भागाकडे वळली. बुकिट तिमाह रस्त्यावर बाईंनी एका जुन्या इमारतीकडे बोट दाखविले. तेथे आता रस्तेवाहतुकीचे सरकारी कार्यालय आहे. "माझा जन्म या घरातला," त्या म्हणाल्या, "१९६६ सालचा. त्या एका वर्षात इथे जवळजवळ चाळीस हजार मुले जन्मली. एका इस्पितळातील जन्मांचा तो जागतिक विक्रम होता." ते इस्पितळ म्हणजे कांडांग करबाव. मलय भाषेत या शब्दांचा अर्थ म्हशींचा गोठा. या भागात पूर्वी गुरांचा मोठा व्यापार चाले, त्यावरून ते नाव पडले. १९९७ साली ते जवळच्याच नव्या वास्तूत गेले आणि स्त्रिया व बालकांचे मोठे रुग्णालय म्हणून आज चालू आहे. आयुष्य मुलांच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाने हे ऐकल्यावर त्याला मर्लायन कुठला आठवणार! दिवसाला शंभराहून अधिक बाळंतपणे. त्या दायांचे, त्या परिचारिकांचे, नवजात अर्भकांना पाहणाऱ्या त्या डॉक्टरांचे काय होत असेल, याचा मी मनाशी हिशेब करू लागलो. बाईंनी त्याला आणखी एका वाक्याची जोड दिली : "आता सरकार आम्हाला मुले होऊ द्या म्हणून विनवते." २०२३ साली त्या देशाचा प्रजननदर ०.९७ वर आला होता, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी एक मूलही नाही. सत्तरच्या दशकात 'दोनावर थांबा' असे ज्या देशाने सांगितले, त्याच देशाची ही गोष्ट. बस त्या इमारतीसमोर अर्धा मिनिटही थांबली नसेल. पण पन्नास वर्षांचा सामाजिक इतिहास त्या अर्ध्या मिनिटात माझ्यापुढे उभा राहिला.

यावर माझे शल्यचिकित्सक मित्र काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. अशा फेऱ्यांत यजमान आपला दिवाणखानाच तेवढा दाखवितो. मोरीकडे पाहुण्याला कोण नेईल? आक्षेप खोटा नाही. या फेरीमागे विमानतळ, विमान कंपनी आणि पर्यटन मंडळ आहे. प्रवाशाने पुढच्या वेळी चार दिवस राहावे, चार पैसे खर्चावेत, हा तिचा उघड हेतू आहे. परंतु त्या दिवशी परतीच्या वाटेवर जे घडले ते या आक्षेपाला उत्तर देण्यासारखे होते. विमानतळ दहा मिनिटांवर असताना बाईंनी बोलणे थांबविले आणि म्हणाल्या, "आता मी जे सांगितले नाही ते विचारा." मागच्या बाकावरच्या एका भारतीय तरुणाने विचारले, "या उंच इमारती बांधणारे कामगार राहतात कुठे?" क्षणभर शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "शहरापासून दूर, मोठ्या वसतिगृहांत. तुमच्या देशातले आणि बांगलादेशातले पुष्कळ आहेत. २०२० साली कोविड आला तेव्हा आमच्याकडचे बहुसंख्य रुग्ण त्याच वसतिगृहांतले होते. तिकडे ही बस जात नाही." त्यांनी सारवासारव केली नाही. अडीच तासांत जे दाखविता आले नाही त्याची दिशा मात्र त्यांनी दाखवून ठेवली.

त्यांचे ते शेवटचे वाक्य मेलबर्नच्या विमानात मला झोपू देईना. त्याचे कारण सिंगापूरमध्ये नव्हते. माझ्या दवाखान्यात होते.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, बाहेर मुलांची रीघ. सात वर्षांचा एक मुलगा ताप आणि खोकला म्हणून आला. छाती तपासली, घसा पाहिला, औषध लिहिले. तीन मिनिटांत काम आटोपले. दारापाशी पोहोचलेली त्याची आई वळून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा हल्ली पाणी फार पितो हो, रात्रीसुद्धा दोनतीनदा उठतो." पुढच्या मुलाचा कागद हाती घेत मी म्हणालो, "तापात घसा सुकतो, प्यायचेच." तिसऱ्या रात्री ते मूल अर्धवट शुद्धीत, धापा टाकत परत आले. रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. बालमधुमेहाचे ते पहिले दर्शन, आणि तेही रक्तात आम्ल साठल्यानंतरचे. तीन दिवस आम्ही त्याच्या उशाशी होतो. मूल वाचले, आज तो अभियंता आहे. परंतु बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहण्यास एक मिनिटही लागले नसते, आणि त्या आईने मला दारातून नेमके तेच सुचविले होते, हे मी विसरू शकलेलो नाही.

पुष्कळ वर्षे मी या चुकीचे खापर वेळेवर फोडले. तीन मिनिटांत काय होणार, गर्दीच तेवढी, असे स्वतःला समजावले. त्या बाईंना पाहिल्यावर ते समर्थन मला टिकेनासे झाले. अख्ख्या शहरासाठी त्यांच्याजवळ अडीच तास होते. माझ्याजवळच्या तीन मिनिटांहून ते प्रमाणाने फार मोठे होते असे म्हणवत नाही. फरक होता तो असा, की आपला वेळ अपुरा आहे हे त्यांनी आरंभीच मान्य केले, काय दाखवावे याची निवड केली, आणि राहून गेलेल्यासाठी शेवटी जागा ठेवली. मी मात्र तीन मिनिटांत पाहिले तेवढेच मूल, असे धरून चाललो. अपुरा वेळ हा आपल्या व्यवसायाचा नित्याचा सोबती आहे. तो अपुरा आहे याचा विसर पडणे, हा दोष मात्र आपला असतो.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली आपल्या समाजबांधवांना. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता परदेशी आहेत आणि साठी-सत्तरीतले आईवडील दरवर्षी ही लांबची वाट तुडवितात. वेळ पुरेसा असेल, कागदपत्रे ठीक असतील आणि प्रकृती साथ देत असेल, तर जरूर बाहेर पडा. पायांना चालणे मिळेल, आणि एक परके शहर नावापुरते न राहता ओळखीचे होईल. मात्र ओळखीला जाणकारी समजू नका. आपल्याकडे कोणी पाहुणा अडीच तासांसाठी आला, राजवाड्याला एक फेरी आणि सराफ्यात भुट्ट्याचा कीस एवढे करून परतला आणि 'इंदूर कळले' म्हणाला, तर आपल्याला कसे वाटेल, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट व्यवसायबंधूंना, आणि विशेषतः आपल्या तरुण सहकाऱ्यांना. तपासणी संपली, औषध लिहून झाले, की कागद हाती देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : "आणखी काही सांगायचे राहिले का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच येते आणि त्याला पाच सेकंद लागतात. पण आईला तो प्रश्न दारापाशी नव्हे, खुर्चीत बसलेली असताना विचारला गेला पाहिजे. मेलबर्नहून परतल्यापासून मी तो नेमाने विचारतो. संध्याकाळचा दवाखाना त्यामुळे दहापंधरा मिनिटे लांबतो, एवढेच.

पुढच्या फेरीत पुन्हा सिंगापूरला मोकळा वेळ मिळाला, तर मर्लायनपाशी जाण्याचा माझा विचार नाही. बुकिट तिमाह रस्त्यावरच्या त्या जुन्या इमारतीसमोर थोडा वेळ उभे राहायचे आहे. सौभाग्यवतींना तसे आधीच सांगून ठेवले आहे.