स्टार्टर उतरवण्याआधी

वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीची फी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने दुप्पट केली. हलक्या मोटारीला आता 10 हजार रुपये, मोटारसायकलला 2 हजार, शिवाय जीएसटी वेगळा. याच मोटारीला मार्च 2022 पर्यंत 600 रुपये लागत होते, एप्रिल 2022 पासून 5 हजार झाले आणि आता त्याचेही दुप्पट. खेड्यापाड्यांत अजून मारुती 800, कमांडर, जुन्या जीप घरच्या कामाला आहेत. त्यांच्या मालकांना हा आकडा झेपणारा नाही, आणि त्याविरुद्ध बोलत राहिलेच पाहिजे. पण या अधिसूचनेनंतर आमच्याकडे जी पत्रे येत आहेत, त्यांत फीची तक्रार थोडी आणि आपल्याबद्दलची, म्हणजे गॅरेजवाल्यांबद्दलची, तक्रार जास्त आहे. ती पत्रे वाचून गप्प बसणे आम्हाला जमणार नाही.

पत्रांचा मजकूर जवळजवळ सारखाच आहे. मालकाने भंगारवाल्याला नाही म्हटले, गाडी ठेवायची ठरवली, पासिंगसाठी टायर घातले, डेंटिंग-पेंटिंग केले, आणि गाडी सेल घेईना. गॅरेजमध्ये नेली. बॅटरी बदलली. दोन दिवस चालली, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने स्टार्टर उतरवला. बिल वाढत गेले आणि गाडी जागची हलली नाही.

राधानगरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे पत्र सविस्तर आहे म्हणून तेच घेऊ. त्यांची कमांडर 2000 सालची, डिझेल. नोंदणी संपायच्या आधी त्यांनी चेसिसला काळा रंग मारून घेतला, इंजिनच्या कप्प्यातही फवारा झाला. चावी फिरवली की एक 'टक' आणि पुढे शांतता. पहिल्या गॅरेजने नवी बॅटरी बसवली. दुसऱ्याने स्टार्टर खोलून बुश, कार्बन आणि सोलेनॉइड बदलले. स्टार्टर बाकावर झक्क फिरला, गाडीवर चढवल्यावर पुन्हा 'टक'. मग त्यांना सांगण्यात आले की फ्लायव्हीलची रिंग गेली असणार, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. सुदैवाने ते नको म्हणाले. शेवटी गावाकडच्या एका वयस्कर वायरमनने बॉनेट उघडून पोराला सेल मारायला सांगितले आणि स्वतः फक्त बघत राहिले. इंजिन बंद करायची जी स्टॉप केबल असते, तिच्या लोखंडी आवरणातून बारीक धूर निघाला. त्यांनी जंपरची एक तार बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरे टोक इंजिनच्या ब्लॉकवर धरले, आणि गाडी अर्ध्या सेलवर उठली. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी ताज्या रंगावर आवळलेली होती. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने लोखंड उघडे करून पट्टी पुन्हा बसवली, तेवढेच काम.

त्या वायरमननी जे केले त्यात कोणतीही किमया नाही. स्टार्टरला लागणारा करंट परत जायला वाट शोधतो. पट्टीची वाट रंगाने बंद झाली, तेव्हा तो स्टॉप केबलमधून गेला आणि केबल तापली. क्लच केबल, ॲक्सिलरेटरची वायर, स्पीडोमीटरची केबल यांपैकी काहीही सेल मारताना गरम लागले तर दुसरे काही बघायच्या आधी अर्थिंग बघावे. हे आपण सगळे हेल्परच्या वयात शिकलो आहोत. मग दोन-दोन गॅरेजमध्ये कोणालाच ते का सुचले नाही?

आमच्या मते याचे एक ठोस कारण आहे, आणि ते म्हणजे मल्टिमीटरचा बझर. केबलची दोन टोके धरली, बझर वाजला, केबल चांगली, असा निकाल आपण देतो. इथेच चूक होते. चाळीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो, कारण मीटर त्या केबलमधून नखाएवढासुद्धा करंट सोडत नाही. स्टार्टर 200 अँपिअर ओढतो, थंडीत डिझेलचा त्याहून जास्त. एखाद्या सांध्यात एक शतांश ओहमचा अडथळा असेल तर साधा मीटर तो दाखवणारच नाही. पण 200 अँपिअरला त्याच सांध्यात 2 व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीवर 10 व्होल्ट, स्टार्टरवर 8. मग सोलेनॉइड 'टक' करणार नाही तर काय करणार? नवी बॅटरी दोन दिवस चालते तीही एवढ्याचसाठी. ती थोडे जास्त ढकलते, तेवढ्यावर काम भागते आणि बॅटरीच गेली होती असा आपला समज पक्का होतो.

म्हणून मोजायचे ते सेल मारताना. मीटर 20 व्होल्ट डीसीवर, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोलला कॉइलची तार काढलेली किंवा डिझेलला स्टॉप ओढून धरलेला. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर आधी स्थिर व्होल्टेज घ्या. 12.6 असावे, 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचे बोला. सेल मारताना ते 9.6 च्या खाली जाता कामा नये. मग प्लसच्या खुंटीपासून स्टार्टरच्या मोठ्या स्टडपर्यंत, सेल मारतानाच, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मायनसच्या खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत 0.2, फार तर 0.3. सळई खुंटीच्या शिशावर टेकवा, टर्मिनलच्या होल्डरवर नको; पुष्कळदा दोष खुंटी आणि होल्डर यांच्या मधल्या पांढऱ्या थरातच असतो आणि होल्डरवर मोजले की तो निसटतो. सोलेनॉइड आवाजच करत नसेल तर 50 नंबरच्या बारीक तारेवर चावी फिरवून बघा. तिथे 8 व्होल्टही येत नसतील तर स्टार्टरला हात लावायचे कारण नाही. इग्निशन स्विचचे झिजलेले पॉइंट, रिले, न्यूट्रल स्विच हे बघावे. ट्रॅक्टरवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तर मालकाचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको, आणि न्यूट्रल स्विचची सुटलेली पिन हे कारण तिथे वारंवार निघते.

या चार रीडिंगना चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही. स्टार्टर उतरवून चढवायला अर्धा दिवस जातो.

कोल्हापूरच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शाहूपुरी, आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळ, कुरुंदवाड या भागांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या वेळी आपण ऑइल बदलले, सीट वाळवल्या, स्टार्टर-अल्टरनेटर धुऊन दिले आणि गाड्या चालू केल्या. केबल कोणी बदलल्या? पुराचे पाणी लगच्या तोंडातून आत शिरते आणि रबराच्या आवरणाखाली तारांमधून वर चढत जाते. बाहेरून केबल काळी कुळकुळीत, लग चकचकीत, आणि आत तांब्याचा हिरवा चुरा. त्या पाण्याचा हिशेब आज एवढ्या वर्षांनी समोर येतो आहे. पूर पाहिलेली गाडी आली तर लगच्या मागे बोटभर आवरण कापून बघा. हिरवे किंवा काळे दिसले तर केबल टाकून द्या, नुसता लग बदलून भागत नाही. आणि नवी केबल घेताना वजन हातात तोलून घ्या. बाजारात जाड आवरणाच्या, आत तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल सर्रास मिळतात. कापलेले टोक खरवडले की पांढरा धातू दिसतो. जुन्या तांब्याच्या केबलच्या जागी तेवढ्याच जाडीची ही केबल घातली तर आपण दोष पैसे घेऊन बसवला असे होईल.

सेल व्यवस्थित घेते पण सुरू होत नाही, हा निराळा विषय आहे आणि त्यावर पुढे लिहू. एवढेच सांगतो की दोन्ही दोष नेहमी वेगळे नसतात. सेल मारताना व्होल्टेज 9 च्या खाली घसरले की कॉइलला पुरेसा पुरवठा होत नाही. इंजिन फिरते, ठिणगी मरते. एमपीएफआयच्या 800 मध्ये तर ईसीयूच गप्प होतो आणि आपण फ्यूएल पंप उतरवत बसतो.

आता सरकारी बाजू. राधानगरीच्या त्या कमांडरची नोंदणी या भानगडीत संपली. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. नूतनीकरणासाठी मात्र ती तपासणीला हजर करावीच लागते. म्हणजे टो करून आणा, भाडे द्या, आणि गाडी त्या दिवशी आवारात उठली नाही तर परत टो करून न्या. उशिराबद्दल मोटारसायकलला महिन्याला 300 आणि मोटारीला 500 रुपये जादा. गाडी रस्त्यावर पळत होती की गॅरेजमध्ये जॅकवर उभी होती, याची विचारपूस नियमात नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी 60 दिवसांच्या आत करायचा, त्याआधी नाही. त्यामुळे मालक आधीपासून तयारीला लागला तरी कागद पुढे सरकत नाहीत. जुन्या इंजिनाचा एखादा भाग मिळायला कधीकधी दोन महिने सहज जातात, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांना कोणी सांगितले आहे का? दुरुस्तीत असलेल्या गाडीला तेवढ्या काळाचे विलंब शुल्क माफ असावे आणि तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शिबिरातच ही तपासणी व्हावी, या दोन मागण्या साध्या आहेत. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने त्या वर पाठवायलाही हरकत असू नये.

पण ही मागणी घेऊन आपण कोणत्या तोंडाने जाणार? फिटनेसला उशीर झाल्याबद्दल रोज 50 रुपये आकारणीचा विषय आला तेव्हा 2024 मध्ये राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले. त्यांच्याकडे परमिट होते, कागद होते. आपल्यातले कित्येक जण गाडी आत घेताना चिठ्ठीसुद्धा लिहीत नाहीत. गाडी कधी आली, काय तक्रार होती, काय मोजले, काय बदलले, कधी गेली, यातले काहीच कागदावर नाही. गाडी दोन महिने गॅरेजमध्ये उभी होती हे सिद्ध करायला मालकाच्या हातात आपण काय देतो? सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेली बेरीज. अधिकारी तो कागद मानणार नाहीत आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

"जुनी गाडी आहे, असंच चालायचं," हे वाक्य आपल्या व्यवसायातून हद्दपार झाले पाहिजे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी मेबॅक 1930 च्या दशकातली आहे. तिच्या वयाची सबब कोणी सांगत नाही, कारण तिची निगा राखली जाते. उद्यमनगरात आपण म्हादबा मेस्त्रींचे नाव अभिमानाने घेतो. यंत्र का चालत नाही याचा छडा लावणे हीच त्यांची ख्याती होती. आज आपण भाग बदलतो आणि गाडी चालू झाली तर छडा लागला असे समजतो. 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले. त्यानंतर रस्त्यावर राहिलेली प्रत्येक 800 आपल्याच भरवशावर आहे. 10 हजार फी भरून ती ठेवायची की नाही हे मालक आपल्या बिलाकडे बघून ठरवतो. चुकीचा स्टार्टर, चुकीची बॅटरी आणि न लागणारा गिअरबॉक्स यांचे बिल हातात पडले की तो पुढच्या खेपेला सरळ भंगारवाल्याकडे जातो. त्या गाडीबरोबर आपले गिऱ्हाईकही जाते.

म्हणून आवाहन करतो. या अंकासोबत जॉब कार्डचा एक कोरा नमुना दिला आहे. त्याच्या झेरॉक्स काढा आणि सेलची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीला लावा. गाडी आत आल्याची तारीख, मॉडेल, साल, इंजिन, बॅटरी किती अँपिअर-अवरची, गाडी पुरात होती का, अलीकडे रंगकाम झाले का, आणि वरची चार रीडिंग. स्टार्टर उतरवायच्या आधी ही रीडिंग लिहिली गेली पाहिजेत. एक प्रत सही-शिक्क्यानिशी मालकाला द्या, एक आपल्याकडे ठेवा आणि तिसरी महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर खोडून पाठवला तरी चालेल. दोष कुठे सापडला ते शेवटच्या रकान्यात लिहा. सापडला नसेल तर तसे लिहून पाठवा. अशी कार्डे पुढच्या अंकात आधी छापू, म्हणजे ज्याला उत्तर माहीत आहे तो कळवील. विलंब शुल्काच्या मागणीला जोडायलाही हीच कार्डे लागणार आहेत, तेव्हा तारखा स्पष्ट अक्षरात लिहा.