अर्धांगवायू : बाटलीतली खनिजे आणि ताटातले मीठ

"डॉक्टर, अंगात ताकद येईल असं एखादं टॉनिक द्या की!" अर्धांगवायूच्या रुग्णाचे नातेवाईक हे हमखास म्हणतात. परवा एका मुलाने वडिलांसाठी आणलेल्या खनिजांच्या तीन बाटल्या माझ्या टेबलावर मांडल्या. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र पंधरा दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. "टॉनिक चालू आहे तोवर असू दे म्हटलं," तो म्हणाला. वडिलांचा रक्तदाब १९०/११० होता!

खनिजांचे महत्त्व मी नाकारत नाही. मॅग्नेशियम मेंदूच्या पेशी वाचवील, अशी आशा शास्त्रज्ञांनाही होती. लॉस एंजेलिस परिसरात सुमारे १७०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना रुग्णवाहिकेतच ते शिरेतून दिले. २०१५ साली निष्कर्ष आला : अपंगत्व कमी झाले नाही.

दुसरी चाचणी चीनमधील ६०० खेड्यांत झाली. सुमारे २१ हजार लोकांत बहुतेकांना पूर्वी पक्षाघात झालेला होता. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वाटले. जवळजवळ पाच वर्षांनंतर, २०२१ मध्ये, तेथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे औषध स्वयंपाकघरातच होते!

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ पुरे. आपल्या कोल्हापुरात रस्सा, खर्डा, लोणचे, पापड आणि मिसळीवरचे फरसाण यांतच ते संपते. वर पानात मीठ वाढायचे ते वेगळेच. तेव्हा रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करू नका, घरच्या सर्वांचेच मीठ कमी करा. केळी, पालेभाज्या, मूग, मटकी यांतून पोटॅशियम मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. शहाळ्याचेही तसेच.

सुरुवातीला रुग्णाला नीट गिळता येते का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रेमाने भरवलेला घास श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनिया होतो.

गेलेली ताकद बाटलीतून परत येत नाही. ती रोजच्या व्यायामाने, पोटभर चौरस आहाराने हळूहळू येते. आणि दुसरा झटका टळतो तो न चुकता घेतलेल्या गोळ्यांनी. तेव्हा टॉनिकचे पैसे आधी त्या गोळ्यांसाठी बाजूला काढा.