आधी दप्तर, मग दुरुस्ती

सन 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, जिथे मेंढा (लेखा) या गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळवला, तिथे बांबू-तेंदूच्या मजुरीचे दप्तर संगणकात गेले, की त्या यंत्राचा बिघाड हा साऱ्या गावाच्या चिंतेचा विषय होतो. संगणक सुरू होईना म्हणजे दप्तरच बुडाले, असे समजून तालुक्याच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून द्या’ असे सांगून मोकळे होणे, हे अत्यंत घातक आहे. कारण पुष्कळदा दोष वीजपुरवठ्यात, रॅममध्ये किंवा विंडोजमध्ये असतो आणि हार्ड डिस्कवरील फाइली शाबूत असतात; फॉरमॅटने मात्र त्या पुसल्या जातात. अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून, अथवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून, प्रथम फाइलींची नक्कल घ्यावी आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर मात्र ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे सोपवावी, कारण पुढच्या प्रत्येक प्रयत्नागणिक आतल्या तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची 48 अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवलेली असावी.

माझे आग्रहाचे प्रतिपादन असे, की लेखी संमतीवाचून कोणताही संगणक फॉरमॅट होऊ नये असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने व कचेरीने करावा, आणि दरमहा दप्तराची एक नक्कल स्वतंत्र डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत, जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवावी.